आमदाराच्या पायाखालची जमीन

१

“मॅडम, आमच्या घरात चोरी झालीया.”

क्रांतीने फोन खांद्यात धरला आणि हातातली जाळी कापायची कात्री खाली ठेवली. निवृत्त सुभेदार सयाजी फोनवर आधी खणखणीत ‘जय हिंद’ म्हणत. आज ते राहूनच गेलं होतं.

“सरडा गेला?”

“सरडा जाग्याव हाय. त्याच्या खालची जमीन गेली.”

सांगली-साताऱ्याकडे जमीन चोरीला जाणं काही नवं नाही. भाऊबंद दरवर्षी बांध कोरतात आणि हातभर जमीन गिळून वर देवळात शेजारी बसून आरतीही म्हणतात. पण सरड्याच्या पिंजऱ्यातली जमीन कुणी चोरल्याचं क्रांती पहिल्यांदाच ऐकत होती. आणि ती जमीन घालून घ्या, असं तिनेच सांगितलेलं होतं.

साताऱ्यात क्रांतीचं दुकान होतं. पाळीव प्राण्यांची घरं बांधून देणं हा तिचा धंदा. मासे मरायला लागले, कासव रुसलं, पोपटाने पिसं टाकली, की लोक आधी तिला बोलवत आणि मग डॉक्टरला. तिचा स्वतःवर भरवसा जरा जास्तच होता, पण आजवर तो कधी तोंडघशी पडला नव्हता. ‘घर बघताना माणसं छताकडे बघतात. मी तळाकडे बघते,’ असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची.

सुभेदारांच्या मळ्यातला हा सरडा म्हणजे परदेशी जातीचा कॅमेलिऑन. रानातला आपला देशी सरडा, घोयरा, पाळणं गुन्हा आहे. हा मात्र रीतसर नोंदणी करून आणलेला. सुभेदारांची मुलगी शिवांजली शिरवळला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिचा तो जीव की प्राण. रंग बदलतो म्हणून थोरल्या भावाने, शिवतेजने, त्याचं नाव ‘आमदार’ ठेवलं. पुढे आमदार मादी निघाली. नाव मात्र तेच राहिलं, आणि आता आमदाराला दिवस गेले होते. नराची गाठ पडली नव्हती, पण कोंबडी जशी कोंबड्यावाचून अंडी घालते, तशी ही जातही घालते.

पिंजऱ्याच्या तळावरून त्या घरात पूर्वी मोठी लढाई झाली होती. सुभेदारांना पलटणीतल्या मेससारखी गुळगुळीत फरशी हवी होती. शिवतेजला हिरवं प्लास्टिकचं गवत हवं होतं, फोटो छान येतात म्हणून. शिवांजलीला जंगलासारखा पालापाचोळा पसरायचा होता. क्रांतीने तिघांनाही गप्प केलं होतं. “गवताचे धागे तिच्या जिभेला चिकटून पोटात जातील. पाल्यात किडा दडून बसेल आणि तिला सापडणार नाही. एरवी तळ उघडाच बरा, भोकं पाडलेला, खाली पाण्याला ताट. पण अंडी घालायची वेळ आली, की माती पाहिजे. हातभर खोल. मातीवाचून ती अंडी घालणार नाही आणि अंडी पोटात अडली तर जगणार नाही.”

म्हणून चार दिवसांपूर्वी पिंजऱ्याच्या तळाशी खोल टब बसवून त्यात माती भरली गेली होती. आणि काल ती गायब झाली.

क्रांतीने धुतलेल्या वाळूचं पोतं गाडीत टाकलं आणि कराडचा रस्ता धरला. मळ्यात पोचल्यावर चहा नको म्हणत ती थेट पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. आमदार वरच्या फांदीला चिकटून बसली होती. खोलीत लख्ख ऊन आलेलं होतं, आणि तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला कॅमेलिऑन म्हणजे अर्धा गेलेला कॅमेलिऑन.

२

टब रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, तर घासून, विसळून, पुसून कोरडा केलेला. मातीखाली पाण्याच्या निचऱ्यासाठी खडीचा थर घातलेला असतो. तो चोराने बाहेर काढून धुतला होता आणि पुन्हा जागच्या जागी पसरला होता. पिंजऱ्यातल्या जास्वंदीच्या कुंडीची पानंसुद्धा ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती.

“चोर मोठा टापटिपीचा दिसतोय,” क्रांती म्हणाली.

“घरातल्याच कुणाचा तरी डाव हाय ह्यो,” सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “काल मी तासगावला ब्यांकेत गेलो, तेवढ्यात काम केलं. आमच्या थोरल्या भनीला, आक्काला, ह्यो प्राणी आवडत न्हाई. शिवतेजला ही खोली बेदाण्याच्या पेट्या ठेवाय पाहिजे. धुळा गडी तर म्हंतो, मालक, घोयरा घरात ठेवू नगा, इपरीत हुतं. आता सांगा, कुणाला धरू?”

“अजून कुणालाच नका धरू.”

क्रांती गुडघे टेकून बसली आणि खालचं पाण्याचं ताट ओढून तिने त्यात बोट फिरवलं. चोराने सगळं धुतलं होतं, पण ताटाची पन्हळ त्याच्या नजरेतून सुटली होती. तिथे सात-आठ रातकिडे पडले होते, आमदाराला खायला सोडलेले. सगळे उताणे, पाय आखडलेले. भुकेने मेलेला किडा असा आखडत नाही.

तिने लगेच शिवांजलीला फोन लावला. ती शिरवळहून केव्हाच निघाली होती, मागून बसचा खडखडाट ऐकू येत होता.

“ताई, मला एकच सांगा,” शिवांजली भराभर बोलत होती, पण डोकं जागेवर होतं. “मातीत विष होतं का, आणि ते तिच्या अंगात गेलंय का? गेलं असेल, तर सरांनी दिलेलं औषध मी आल्या आल्या टोचते. पण विष नसेल आणि नुसती अंडी अडली असतील, तर ते औषध तिला सोसणार नाही. तिला माती, पाणी आणि एकांत पाहिजे. दोन्ही दुखणी वरून सारखीच दिसतात. मी येईपर्यंत शोधून काढा.”

“काढते,” क्रांती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने फांदीकडे एकदा पाहिलं. आमदाराची पकड सैल पडत चालली होती.

३

सुभेदारांचा मुलगा शिवतेज बेदाण्याच्या शेडबाहेर सापडला. हंगाम सरलेला, शेड मोकळी. बाहेर खणून ठेवलेल्या मातीचा मोठा ढीग होता. त्यावर तो ऐसपैस बसून खिशातले बेदाणे चघळत होता.

“माती तू भरलीस ना?”

“व्हय. शिवांजलीनं फोन केला, की ती कवाबी अंडी घालंल, तर आजच भरा. आण्णांनी हुकूम सोडला, आज म्हंजे आज. मग भरली.”

“कुठनं आणलीस?”

“तुमी सांगितलं तिथनंच की. वढ्याकाठची. खणली आन् आणली.”

“कुठल्या दिवशी?”

“पंचमीला,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याने नजर वळवली.

क्रांती मनातल्या मनात हसली. नागपंचमीच्या दिवशी या मुलखात कुणी खुरपंसुद्धा जमिनीत घालत नाही. नांगर उभा, कुदळ आडवी, विळीवर भाजीदेखील चिरत नाहीत. शिराळा इथून कितीसा लांब! पोलीस पाटलाला खोटं सांगणारा माणूससुद्धा नागाच्या डोक्यावर कुदळ घालत नाही. तेव्हा हा गडी त्या दिवशी ओढ्याला गेला असेल नसेल, खणलं मात्र त्याने खास नाही. माती आधीच खणून ठेवलेली होती.

अशी माती तर तो बुडाखाली घेऊन बसला होता.

ती ढिगाला वळसा घालून मागे गेली. घराकडच्या बाजूने ढिगाचा लचका तोडलेला होता. शेजारी कुणीतरी थोडी माती परत आणून ओतली होती. रंग तोच, पण ओल जास्त. तिच्यात दोन-तीन सुकलेली जास्वंदीची पानं होती. द्राक्षबागेत जास्वंद कुठली आली? क्रांती वास घ्यायला वाकली.

“आवं बाई! हात नगा लावू!” बागेतून गडी धुळा ओरडत धावत आला. “औषध हाय त्यात, हुमणीची कीड मारायचं! बागंच्या नांग्या भराय ठेवलीया, मोकळ्या जागंवर नवी रोपं लावायची हायती. मालकांनीच मिसळाय लावलंय.” मग त्याची नजर वर गेली. “आन् शिवादादा, तुमी वर बसून खाताय काय! उठा की!”

शिवतेज ताडकन उठला. बेदाणे हातातून सांडले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि क्रांतीला त्याच क्षणी दोन गोष्टी समजल्या. पिंजऱ्यात विष यानेच भरलं होतं. आणि आपण विष भरलं हे त्याला आत्ता, या घडीला कळत होतं.

म्हणजे ते विष काढणारा कुणी वेगळाच होता.

४

शिवतेजला हातपाय साबणाने धुवायला पिटाळून क्रांतीने धुळाला गाठलं.

“ढिगात औषध आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

“मालकांना. दादा तवा सांगलीला मार्केटला गेल्यालं.”

“आणखी कुणी विचारलं?”

धुळा डोकं खाजवायला लागला. कुणाचं तरी नाव जिभेवर येऊन परत गेलं, हे स्पष्ट दिसत होतं. क्रांतीने विषय बदलला.

“बरं, ते राहू दे. जेवलास का?”

“कशाचं जेवण!” धुळाला बोलायला सोपा विषय मिळाला. “काल सांजच्याला आक्कांनी मला पाव आणाय धाडलं. मनगाट दुखतंय म्हणल्या. बाई, मी ह्या मळ्यात बारका हुतो तवापास्नं हाय, पर आक्कांनी भाकरी थापली न्हाई असा दिस मला ठावं न्हाई. आज सकाळीबी तेच. पावानं काय पोट भरतंय?”

क्रांतीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती स्वयंपाकघराकडे चालू लागली.

रंगूबाई म्हणजेच आक्का, सुभेदारांची थोरली बहीण. भावजय वारल्यापासून सगळं घर तिच्याच जिभेवर चालत होतं. ती पाटावर बसून शेंगा फोडत होती. मनगट चांगलं कटाकट चालत होतं.

“आत्या, आमदाराबद्दल विचारायचं होतं.”

“मला काय इचारतीस? त्या खोलीत मी पाऊल टाकत न्हाई. कसला प्राणी, कसलं थेर! माणसाला भाकरी न्हाई आन् सरड्याला टब.”

“म्हणजे माती कुणी नेली, तुम्हाला काहीच कल्पना नाही?”

“न्हाई. आन् आता इचारत बसण्यापरास त्या मुक्या जिवाचं काय ते बघा. कालच्यानं चार-चारदा खाली उतरती, कोपऱ्यात जाती आन् पुढच्या पायांनी टबाचा पत्रा खरवडती. खरवडती, थकती, परत वर जाती. अन्नाला शिवली न्हाई. बघवत न्हाई गं ते.”

शेंग फोडणारा हात थांबला. आपण काय बोलून गेलो, हे रंगूबाईच्या ध्यानात आलं होतं.

“पाऊल न टाकता बरंच बघितलंत, आत्या,” क्रांती हळूच म्हणाली.

५

सोप्यावर चौघंही गोळा झाली. सुभेदार खुर्चीत ताठ, शिवतेज खांबाला टेकून, धुळा पायरीवर आणि रंगूबाई उंबऱ्याच्या आत, पदर घट्ट धरून.

“मला वेळ नाही, म्हणून भराभर सांगते,” क्रांती उभ्यानेच बोलू लागली. “चोराने माती नेली, पण टब घासला, खडी धुतली, झाडाची पानं पुसली. नुकसान करणारा माणूस पानं पुसत नाही. मातीत विष आहे हे ज्याला कळलं आणि प्राणी वाचावा असं वाटलं, त्याचं हे काम. आता विष कुणाला माहीत होतं? सुभेदारसाहेबांना होतं, पण ती माती पिंजऱ्यात गेली हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते तर तासगावला होते. शिवतेजला विषाचा पत्ताच नव्हता. माहीत असतं तर त्याच ढिगावर बसून बेदाणे खाल्ले नसते. धुळाला विष माहीत होतं, पण ते पिंजऱ्यात गेल्याचं कळलं असतं, तर गावभर बोंब झाली असती.”

“मग?” सुभेदार पुढे झुकले.

“मग राहिला तो माणूस, ज्याने विषाची माती हाताने उपसली आणि हात कितीही धुतले तरी ते पिठात घालायला मन घेईना. घरच्यांच्या पोटात कणभरही जाऊ नये, म्हणून मनगट दुखण्याचं निमित्त केलं आणि पाव आणवला.”

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या.

“आक्का?” सुभेदारांना विश्वास बसेना. “तू? आगं, मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू?” रंगूबाईचा आवाज चढला आणि मधेच फुटला. “पंचमीला शिवा कुदळ घेऊन निघाला, तवा मीच आडवी पडले. आदल्या दिशी भावासाठी उपास धरायचा आन् दुसऱ्या दिशी नागाच्या अंगाव घाव घालायचा? म्हणलं, आज जमिनीला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. इकडं तुझा हुकूम, आज म्हंजे आज. पोरानं काय करायचं, सांग की! पडलेली माती उचलली त्यानं. काल बघितलं तर किडं उताणं. धुळाला इचारलं, ढिगात काय हाय. त्यो म्हणला, हुमणीचं औषध.”

“तरी सांगायचं हुतं.”

“तू मागल्याच महिन्यात बोललास, शिवाचा आणखी एक घोळ झाला तर शेड दुसऱ्याला चालवाय देतो. कसं सांगू? वाटलं, काढून टाकावं, कुणाला कळाय नगं. त्या जिवाला माती लागती, हे मला कुठं ठावं? मी वाचवाय गेले आन् मीच तिला मारलं.”

सुभेदारांची मान खाली गेली. शिवतेज डोळे पुसत होता.

“मेलेली नाही अजून,” क्रांती म्हणाली. “आत्या, आता नीट आठवून सांगा. यावर तिचा जीव आहे. तुम्ही माती काढायला गेलात, तेव्हा वरचा थर कसा होता? उकरलेला? खड्डा, भोक, काही?”

रंगूबाईने डोळे मिटले.

“सपाट हुता,” ती शेवटी म्हणाली. “शिवानं थापटून बसवल्याला. त्याच्या पंजाचा ठसा तसाच उमटल्याला हुता, पाचीच्या पाची बोटं. त्यो बघूनच तर मला रडू आलं.”

“एकही नख उमटलं नव्हतं?”

“न्हाई. ती तवा वरच हुती. काल दुपारनंतर उतराय लागली.”

क्रांतीने मोठा श्वास सोडला. “ओल्या, थापलेल्या मातीवर कॅमेलिऑन उतरला तर नख उमटल्याशिवाय राहत नाही. ती विषाला शिवलीच नाही. किडे खाली मेले, आणि अंडी घालायच्या आधी ही जात खायचं सोडते, तेव्हा तिने ते वरूनही खाल्ले नाहीत. आणि पत्रा खरवडते ती अंडी घालायला जागा शोधते म्हणून.” तिने फोन लावला. “शिवांजली, औषध पिशवीतच ठेव. अंडी अडलीत. मी जमीन तयार करते.”

६

या खेपेला माती खरंच ओढ्याकाठची आली. कुदळ शिवतेजने मारली आणि टोपलं सुभेदारांनी स्वतः वाहिलं. क्रांतीने गाडीतून नवा टब काढला. जुना विषाला लागलेला, कितीही धुतला तरी नको. तळाला खडी पसरली आणि साताऱ्याहून आणलेली वाळू मातीत निम्मी-निम्मी मिसळली. पाणी शिंपडत मुठीत दाबून ती बघत होती. लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. मग हातभर थर दाबून तिने त्यात बोटाने आडवं भुयार पाडलं. ते ढासळलं नाही, म्हणजे आमदाराने खणलेलंही ढासळणार नव्हतं. वरून एक फांदी तिरकी सोडली, उतरायला वाट म्हणून.

रंगूबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. क्रांतीने तिच्या हातात पाणी फवारायची बाटली दिली. “पानांवर मारा. ती थेंब चाटते.”

“मी?”

“तुम्हीच. तुमच्या हातांची मला भीती वाटत नाही.”

रंगूबाई फवारत राहिली. बऱ्याच वेळाने आमदाराचा एक डोळा किलकिला झाला, गोल फिरला आणि जीभ पानावरच्या थेंबाला लागली. पुन्हा लागली. मग एक पाय फांदीवरून सुटून खाली आला, दुसरा आला. इंच इंच करत ती मातीवर उतरली, कोपऱ्यात गेली आणि तिने पुढच्या पायाने माती मागे फेकली.

“व्वा! शाब्बास!” सुभेदार गरजले.

आमदार जागच्या जागी थिजली.

रंगूबाई गर्रकन वळली. कालपासूनची रडवेली म्हातारी कुठल्या कुठे गेली होती. “सयाजी, भाईर! शिवा, तूबी! धुळ्या, खिडकीतनं काय बघतोस? बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणसांचं काय काम? चला, निघा!”

ज्याच्या हुकमावर कधीकाळी आख्खी पलटण हलायची, तो सुभेदार आपल्याच घरात, आपल्याच खोलीतून निमूट बाहेर पडला. त्याने सोप्यावरची खुर्ची उचलून दाराशी ठेवली आणि पहाऱ्यावर बसल्यासारखा ताठ बसला. शिवतेज बाजूला उभा होता. सुभेदारांनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, “हुकूम माझा चुकला, पोरा. शेडच्या किल्ल्या तुझ्यापाशीच ऱ्हाऊ देत.”

रंगूबाईने आपल्या जुन्या लुगड्याचा पडदा पिंजऱ्याभोवती धरला, क्रांतीने चिमटे लावले. आतून माती उकरल्याचा बारीक आवाज सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

उन्हं उतरताना शिवांजली धावतच आत आली. चपलाही काढल्या नव्हत्या, पिशवी छातीशी घट्ट धरलेली. तिने दार ढकलायला हात घातला, तेवढ्यात ते आतूनच फटभर उघडलं. रंगूबाईचं तोंड बाहेर आलं, ओठांवर बोट.

“आत्ती, कशी आहे ती?” शिवांजलीचे डोळे भरून आले होते.

“कळा देतीया,” रंगूबाई कुजबुजली. “तू हातपाय धू, च्या पी. मी हाय हितं तिच्यापाशी.”

आणि दार लावून घेतलं.